जावयाची किक

स्कूटर काही केल्या सुरू होत नव्हती, आणि अंबुबाईच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओली मेंदी होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मांडवात कुणाच्या मनातही आलं नसतं. अंबुबाईच्या मनात मात्र सकाळपासून दुसरं काहीच नव्हतं.

"हाण!" चिमाजी खुर्चीतून ओरडला. त्याचा नवीन बसवलेला गुडघा समोरच्या स्टुलावर पाहुण्यासारखा मांडून ठेवलेला होता. "कंबर सैल सोड. पाय नको हाणू, अंग हाण!"

निरंजनने अंग हाणलं. दुधी रंगाच्या त्या जुन्या स्कूटरने फुस्स केलं आणि पुन्हा मौन धरलं. बँजोवाल्यांनी प्रत्येक किकेला एक ठोका द्यायचा असं ठरलं होतं. आता ठोके देऊन देऊन त्यांचीच एक चाल तयार झाली होती, आणि मांडवातली पोरं तिच्यावर नाचत होती.

पोरगा गुणाचा होता. चाकणला बॅटरीवरच्या गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. सकाळी तो शेरवानी आणि जरीच्या मोजड्या घालून आला होता. पहिल्या चार किकांतच उजवी मोजडी उडून आइस्क्रीमच्या काउंटरवर गेली, तेव्हा त्याने बॅगेतून कंपनीचे सेफ्टी शूज काढले आणि घातले. शेरवानीखाली सेफ्टी शूज. अंबुबाईनं तेव्हाच मनातल्या मनात त्याला पास करून टाकलं होतं. पण तिचा पास या घरात चालत नव्हता.

या घरात चालायची किक.

चिमाजी आकुर्डीला स्कूटरींच्या कारखान्यात होता. हजारो स्कूटरींना त्यानं स्वतःच्या हातानं चाकं बसवली, पण स्वतःच्या स्कूटरीसाठी त्यालाही सगळ्या जगासारखा नंबर लावावा लागला. तो नंबर लागेपर्यंत त्यांची सुमन जन्मली, चालायला लागली, शाळेत गेली, आणि 'माझे वडील' या निबंधात 'माझे वडील स्कूटरची वाट पाहतात' असं लिहून आली. बाईंनी तिला दहापैकी नऊ दिले. ती स्कूटर शेवटी तळवड्याच्या वेशीतून आत आली तेव्हा चिमाजीला जे ज्ञान झालं ते असं, की ज्याला थांबता येत नाही त्याला काहीच येत नाही. म्हणून सुमनला बघायला मारुतराव आले, तेव्हा चिमाजीनं त्यांना पगार विचारला नाही की शेती विचारली नाही. अंगणात नेलं आणि म्हणाला, "हिला सुरू करून दाखवा."

तेव्हापासून रिवाजच पडला. साखरपुड्याआधी होणाऱ्या जावयानं किक मारून स्कूटर सुरू करायची, पोरीला मागं बसवून भैरवनाथाच्या देवळाला फेरा मारायचा, मग टॉवेल-टोपी, मग साखर. स्कूटर सुरू नाही, तर साखर नाही.

आता यातली आतली गोष्ट. स्कूटरच्या सीटखाली उजव्या अंगाला बोटभर दांडी असते, पेट्रोलच्या कॉकची. ती बंद असली की पेट्रोल खाली उतरत नाही आणि माणसानं लाथा मारून जीव दिला तरी गाडी हूं की चूं करत नाही. जावई यायच्या आधी चिमाजी गुपचूप ती दांडी फिरवून ठेवायचा. मग खुर्ची टाकून बघत बसायचा, की गडी चिडतो का, चिडला तर गाडीवर चिडतो की सासऱ्यावर. बघण्यात इतका रंगून जायचा की कॉक उघडायचं त्याच्या ध्यानातच राहायचं नाही. मग घरातल्या भाकरी गार व्हायला लागल्या की अंबुबाई चहा घेऊन बाहेर यायची, एका हातानं जावयाला कप द्यायची, दुसऱ्या हातानं पदरानं सीट पुसायची, आणि पुसता पुसता दांडी फिरवायची. दोन-चार किकांत गाडी सुरू. चिमाजी खुर्चीतून उडायचा. "बघितली चिकाटी? बघितली?" तो इतका खूश व्हायचा की कॉक आपणच बंद केला होता हे त्याला आठवायचंच नाही, असा अंबुबाईचा इतकी वर्षं समज होता.

आज मात्र घोळ झाला होता. मेंदी काढणारी प्राजक्ता आदल्या दिवशी यायची ती चाकण चौकात अडकली आणि थेट आज सकाळी उगवली. सून विजयश्रीनं, म्हणजे नवरीच्या आईनं, सासूला धरून बसवलं. "आई, आज तुम्ही कशाला म्हणून हात लावायचा नाही. चहासुद्धा केटररची माणसं देतील." वर स्कूटरभोवती झेंडूचं गोल रिंगण घालून फोटोग्राफरला सांगितलेलं, की रिंगणात नवऱ्या मुलाशिवाय कुणी दिसायला नको.

"आजी." सायली पैठणी सावरत शेजारी येऊन बसली. नात हसत होती, पण डोळे हसत नव्हते. "तू म्हणाली होतीस, माझ्यावर सोड."

"म्हणले व्हते."

"दोन वर्षं मी आजोबांशी भांडले. ज्या गाडीला किकच न्हाई ती बनवणाऱ्याला पोरगी कशी देऊ, म्हणायचे. तू शब्द दिलास म्हणून मी निरंजनच्या आईला घेऊन आले. आता त्यांच्याकडे बघ."

अंबुबाईनं बघितलं. निरंजनची आई शालनबाई लातूरकडची. पहिला अर्धा तास तिनं हे सगळं पुण्याकडचं काहीतरी असेल म्हणून सोसलं होतं. आता तिनं पर्स मांडीवरून काखेत घेतली होती. बाईनं पर्स काखेत घेतली म्हणजे ती निघायच्या बेतात आहे, हे अंबुबाईला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मी बघते," अंबुबाई म्हणाली आणि दोन्ही हात भूत घाबरवायला निघाल्यासारखे पुढं धरून थेट जावयांच्या खुर्च्यांकडं गेली.

मारुतराव आणि नातजावई गणराज शेजारी शेजारी बसून ताकाचा आस्वाद घेत होते. मारुतराव भोसरीच्या एका कंपनीत युनियनचे अध्यक्ष होते. कंपनी बंद पडली, पण अध्यक्षपद गेलं नाही. त्यांनी घरातल्या जावयांची युनियन काढली. सभासद दोन.

"मारुतराव, जरा माझं काम करा. त्या पोराला पाणी द्यायच्या निमित्तानं जा आन सीटखाली..."

"कॉक?" मारुतराव म्हणाले.

अंबुबाई गार पडली. "तुमाला कुणी सांगितलं?"

"मामी, आमी घाम पुसत व्हतो. डोळं न्हाई."

"मलापण माहिती आहे आजी," गणराज म्हणाला. "या मारुतभाऊंनी माझ्या हळदीलाच सांगितलं होतं. सभासद झाल्याशिवाय सांगत नाहीत."

"मंग उठा की! पोरगं मरायला टेकलंय."

मारुतरावांनी मिशीवरचं ताक पुसलं. "मामी, मी दुपारपतुर किक मारलेली हाय. गणराजनं जेवणाच्या पंगती उठेपर्यंत. आन ह्यो बॅटरीवाला तासाभरात सुटणार? मंग आमच्या सिनिऑरिटीचं काय?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे," गणराज म्हणाला.

अंबुबाईनं दोघांकडं शांतपणे बघितलं. "यंदा धोंड्याचा महिना हाय. अनारसं घरात कोण करतं, ध्यानात हाय न्हवं? का त्याचा बी ठराव केलाय?"

गणराजनं ताकाचा पेला खाली ठेवला.

"तातडीची बैठक घ्यावी लागंल," मारुतराव गंभीरपणे म्हणाले. "घेऊन कळवतो."

बैठकीची वाट बघायला वेळ नव्हता, कारण तिकडं शालनबाई उभी राहिली होती.

"बास झालं! सकाळधरनं माझं लेकरू लाथा हाणू लालंय. पोरगी द्यायची नसंल तर तोंडानं सांगावं की माणसानं!"

"तसं न्हाई ताई," चिमाजी म्हणाला. "परीक्षा हाय ही."

"इंजिनेर झालाय त्यो! सगळ्या परीक्षा देऊन बसलाय."

"आई, थांब," निरंजन म्हणाला. शेरवानी पाठीला चिकटली होती, आणि उजवा पाय डाव्यापेक्षा वेगळ्या माणसाचा असल्यासारखा थरथरत होता. "होईल. मागच्या वेळी तिनं थोडा वेगळा आवाज केला."

"वेगळा कसला?"

"जरा आपुलकीचा."

मांडव हसला, शालनबाई सोडून. तिनं पायात चपला सरकवल्या.

मग अंबुबाईनं कुणाचीच वाट बघितली नाही. झेंडूचं रिंगण तिनं सरळ तुडवलं. फोटोग्राफर ओरडला, "आजी, फ्रेममध्ये येताय!" ती म्हणाली, "येऊ दे." ती स्कूटरपाशी आली, कमरेतून एक कळ निघाली ती तिनं तिथंच दाबली, आणि मेंदीचा हात सीटखाली घातला. तोल जाऊन दुसरा हात थापकन स्कूटरच्या दुधी अंगावर टेकला. बोटांना दांडी लागली.

दांडी उघडीच होती.

तिनं पुन्हा चाचपली. उघडी. ती सरळ झाली आणि नवऱ्याकडं बघितलं. चिमाजी मांडवाच्या कापडाकडं असं बघत होता जणू वर कुणीतरी त्याचं नाव लिहिलं आहे. अंबुबाई त्याच्या खुर्चीपाशी गेली आणि वाकून त्याच्या कानात म्हणाली, "अहो. कॉक उघडा हाय."

"मंग? मीच उघडलाय. पहाटं."

"का?"

"सायली काल सांगत व्हती, आजीच्या दोनी हातावर मेंदी काढायची म्हणून. म्हणलं मंग उघडनार कोण? ह्या घरात सगळं मलाच बघावं लागतं."

"म्हंजे तुमाला म्हाईत व्हतं? पयल्यापासनं?"

"अगं, एवढी सीट कोण पुसतं? मारुतरावाच्या टायमाला तर मी सीट काढून मांडीवर घेतली व्हती, शिवायला टाकायची म्हणून. तरी तू पदरानं पुसतीयास. सीट न्हाईच, आन तू पुसतीयास!"

"मंग बोलला का न्हाई?"

"तू तरी कुठं बोललीस?"

बँजोचा ठोका पडला. स्कूटरने फुस्स केलं.

"आन ह्या गुडघ्यानं वाकला कसं?"

"वाकलो न्हाई. झोपलो. गाडीशेजारी आडवा झालो आन हात घातला. मंग उठता येईना. दूधवाल्यानं उठवलं." त्यानं घसा साफ केला. "त्याला वाटलं मी गेलो."

अंबुबाईला हसू आलं, आणि हसू यायच्या आतच दुसरा विचार आला. तो चिमाजीलाही त्याच वेळी आला, कारण पोराची परीक्षा बघण्याच्या नादातून तो भानावर आला आणि मांडवाचं कापड सोडून स्कूटरकडं बघायला लागला.

"कॉक उघडा हाय," तो हळूच म्हणाला. "मंग सुरू का व्हईना?"

परीक्षा घेणाऱ्यालाच उत्तर येत नव्हतं. म्हाताऱ्याचा चेहरा असा उतरला की अंबुबाईनं तसा तो ऑपरेशनच्या वेळीही बघितला नव्हता. आजवर गाडी सुरू होत नव्हती ती त्याची मर्जी म्हणून. आज ती खरोखरच गेली असेल तर? "पोरावर उगं अन्याय झाला," तो पुटपुटला, "आन गाडी बी गेली."

शालनबाई मांडवाबाहेर निघाली होती, ती वाटेत स्कूटरपाशी थांबली. मुलाला हाताला धरून न्यायलाच थांबली होती. पण तिचा नवरा, जिवंत असताना, लातूरच्या बाजारात मोपेडवर कापड विकायचा, आणि मोपेड बंद पडली की मागून ढकलायला ती असायची. तिनं वैतागून विचारलं, "ह्याच्यात पेट्रोल हाय का बघितलंय का कुणी?"

बँजो थांबला.

चिमाजीनं अंबुबाईकडं बघितलं, अंबुबाईनं मारुतरावांकडं, मारुतरावांनी सभासदाकडं.

"हलवून बघा की!" शालनबाई म्हणाली.

मारुतराव आणि गणराजनं दोन बाजूंनी धरून स्कूटर डुलवली. सगळा मांडव श्वास रोखून ऐकत होता. टाकीतून खळखळ नाही, चुळुक नाही, काही नाही. निरंजन आतापर्यंत जिला लाथा मारत होता तिची टाकी देवळातल्या घंटेपेक्षा रिकामी होती.

"आमच्या प्लांटमध्ये हा पार्टच नसतो," तो ओशाळून म्हणाला. "डोक्यातच आलं नाही."

हळूहळू सगळं बाहेर आलं. ऑपरेशनला जाताना, आपल्या माघारी कुणी गाडीला हात लावू नये म्हणून, चिमाजीनं पेट्रोल काढून बाटलीत भरलं होतं आणि ती बाटली फडताळात लपवली होती. आणि साखरपुड्यासाठी घर रंगवताना रंगाऱ्यांनी ब्रश धुवायला काहीतरी मागितलं, तेव्हा अंबुबाईनं फडताळातली बाटली काढून त्यांना दिली होती. म्हाताऱ्यानं पेट्रोल लपवलं, नुसत्या कॉकसाठी पहाटे जमिनीवर झोपला. आणि आत उतरायला थेंब नव्हता.

पहिलं हसली ती शालनबाई. आधी नाकातून, मग तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. पर्स काखेतून खाली पडली ती तिनं उचलली नाही. "म्हंजे सकाळधरनं," ती डोळे पुसत म्हणाली, "बिनपाण्याच्या आडात पोहरा सोडू लालाव की ओ तुमी समदे!"

"पंपावर चला!" चिमाजी उठला. गुडघा बसवल्यापासून तो इतक्या झटक्यात कधी उठला नव्हता.

पंप तळवडे चौकाच्या अलीकडं. चालत नेण्यापेक्षा टोचन करायचं ठरलं. निरंजन बंद स्कूटरवर हँडल धरून बसला. त्याच्या स्वतःच्या बॅटरीवरच्या गाडीवर सायली बसली, आणि पैठणीतला पाय पुढं काढून तिनं जुन्या स्कूटरला मागून रेटायला लावला. तिच्या मागं चिमाजी, गुडघा बाहेर काढून.

"निरंजनच्या मागं कोण बसणार?" विजयश्रीनं विचारलं.

"मी," अंबुबाई म्हणाली. "गाडी आणली तवा पयली मीच बसले व्हते."

अशी वरात निघाली. किक असलेली गाडी पुढं, किक नसलेली गाडी तिला ढकलतेय, मागं बँजो, आणि त्यामागं जावयांची युनियन, जिनं तातडीच्या बैठकीत एकमतानं पाठिंबा जाहीर केला होता. कंपनीची बस थांबली, सेकंड शिफ्टची माणसं खिडकीतून टाळ्या वाजवायला लागली. चिमाजी नातीच्या पाठीमागून ओरडत होता, "सायले, हिला आवाज का न्हाई गं? चालू हाय ना?"

पंपावरचा माणूस म्हणाला, "काका, झिरो बघा."

"सकाळपासनं त्योच बघतोय," चिमाजी म्हणाला, आणि खिशातून पेट्रोलात मिसळायच्या ऑइलची बाटली काढून हिशेबानं टाकीत ओतली. ती तेवढी आणायला तो विसरला नव्हता.

मग सगळे मागं सरकले. निरंजननं किकेवर पाय ठेवला, आणि पोटरीत असा गोळा आला की तो तिथंच हवेच्या मशिनला मिठी मारून उभा राहिला. चिमाजीचा गुडघा कामाचा नव्हता. मारुतराव धापा टाकत होते. गणराजनं आकाशाकडं बघून सांगितलं, की दुसऱ्या जावयाची किक सभासदानं मारणं नियमात बसत नाही.

अंबुबाई खाली उतरली. तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला.

"सरका."

"आजी, नको!" "आई, कंबर!" "मामी!"

तिनं स्कूटर आपल्या अंगाकडं जरा कलती केली, जशी ती इतकी वर्षं ओट्यावरून बघत आली होती. पाय नाही हाणला. अंग हाणलं.

स्कूटर सुरू झाली. पहिल्या किकेला. निळा धूर पंपभर पसरला, आणि त्या धुरात चिमाजीचा आवाज आला, "बघितली? बघितली?"

टाळ्या संपल्या तशी एक अडचण पुढं आली. मारुतरावांनी हात वर करून बँजो थांबवला. "नियम काय हाय मामा? ज्यानं गाडी सुरू केली त्यो जावई. नियम नियम हाय. टॉवेल-टोपी मामींना."

निरंजनचा चेहरा पडला. सायलीनं आजीकडं बघितलं. चिमाजीनं मात्र जराही वेळ न लावता विजयश्रीच्या पिशवीतली टोपी काढली आणि सगळ्या पंपासमोर बायकोच्या पदरावरून तिच्या डोक्यावर ठेवली. टॉवेल खांद्यावर टाकला. कपाळाला गंध लावला. असं त्यानं त्यांच्या स्वतःच्या लग्नातही तिच्याकडं बघितलं नव्हतं, कारण तेव्हा तो लाजत होता.

"बसा, जावईबापू," तो म्हणाला.

अंबुबाई बसली नाही. तिनं मेंदीचे हात पुढं धरले आणि तोंड फिरवलं.

"मी रुसले."

पंपावर कुजबुज झाली. जावई रुसला, की तो मागेल ते द्यावं लागतं. हा नियम तर किकेच्याही आधीचा.

"काय पायजे?" चिमाजीनं विचारलं. "अंगठी? गाडी?"

"साखर वाटा," अंबुबाई म्हणाली. "ह्या पोराच्या नावानं. आत्ता, इथंच. तोवर मी बोलायची न्हाई."

चिमाजीनं शालनबाईकडं बघितलं. शालनबाईनं पुढं होऊन विजयश्रीच्या हातातला साखरेचा पुडा घेतला, आणि पहिली चिमूट त्याच्याच तोंडात घातली. दुसरी झिरो दाखवणाऱ्याला मिळाली. नंतर मागं उभ्या असलेल्या टेम्पोवाल्यांनीही हात पुढं केले.

गाडी बंद करायची कुणाची हिंमत नव्हती. निरंजन लंगडत येऊन हँडल धरून बसला, सायली मागं बसली, आणि धूर सोडत दोघं भैरवनाथाच्या देवळाकडं गेली. स्कूटरच्या दुधी अंगावर अंबुबाईच्या हाताचा पंजा उमटलेला होता. विजयश्री रुमाल घेऊन पुढं झाली होती, पण चिमाजीनं तिला पुसू दिलं नव्हतं.

मारुतराव आणि गणराजनं नव्या सभासदाला सलाम ठोकला आणि वर्गणीचं विचारलं. "अनारशातनं कापून घ्या," अंबुबाई म्हणाली.

म्हातारा-म्हातारी मागं राहिली. तो गुडघ्यानं हळू, ती कमरेनं हळू, तिच्या डोक्यावर अजून टोपी. मग चिमाजी म्हणाला, "धाकट्या नातीच्या टायमाला कॉकचं कसं करायचं?"

"तुमी बंद करा," अंबुबाई म्हणाली. "मी हाय."